अर्धा कप डिझेल

कोल्हापूर,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आबा,

नमस्कार. इथे शिरसाष्टांग लिहायची रीत आहे हे मला माहीत आहे, तुम्हीच लहानपणी पोस्टकार्डावर गिरवून घेतलं होतं. आज नुसता नमस्कार घ्या.

पत्रिका मिळाली. पोस्टानं आली, कुणी हातात द्यायला आलं नाही, तेही बरंच झालं, तेवढंच चहापाणी वाचलं. कागद भारी निवडलाय. आमच्या आक्कांनी ती आधी देवापुढे ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि मग चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. खाली पोरांच्या किलबिलीत 'आमच्या सम्राटमामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणून मोनाचं नाव आहे. ती कालपासून उड्या मारतेय. आक्कांनी पुन्हा वरून खाली बोट फिरवलं आणि मला विचारलं, "क्रांती, तुजं नाव कुठं हाय गं? करवली म्हणून ह्या संयोगिताचं घातलंय. ती तर चुलत की."

मी म्हटलं, छापताना राहिलं असेल. आक्का गप्प बसल्या. सासूबाई असल्या तरी कधी कधी त्या फार समजूतदारपणे गप्प बसतात.

बाकी आम्ही सगळे बरे आहोत. ह्यांची बदली यंदा टळली. मोना तिसरीत गेली, पाढे पाठ आहेत, अक्षर मात्र तुमच्यावर गेलंय. मी डोळ्यांच्या दवाखान्यात केसपेपर काढते तेच चालू आहे. दिवाळी झाली. भाऊबीजही झाली.

पत्र लिहायचं कारण सांगते. फोनवर तुम्ही "बरं बरं, आईला देतो" म्हणता, आणि आई फोन स्पीकरवर टाकते. मोबाइलवर लिहावं तर तुमचा मोबाइल दिवसभर सम्राटच्या दुकानात चार्जिंगला. पत्र मात्र तुम्ही एकटे वाचाल, मागल्या दाराच्या पायरीवर बसून. वाचून झालं की काय करायचं ते शेवटी लिहिलंय. आधीच शेवट बघू नका.

तुम्हाला आवडेल असं एक आधी सांगते. आमच्या घरी रविवारी सकाळी अकरा वाजता कुणी पाव्हणा आलेला चालत नाही. टीव्हीवर 'रस्त्यावरचं खरं-खोटं' नावाचा कार्यक्रम लागतो. एक जाडा, एक काटकुळा, दोघेही पूर्वी गॅरेजवाले असावेत असे दिसतात. गाडी चालवणारे लोक वर्षानुवर्षं जे मानत आलेत ते घ्यायचं आणि मोकळ्या मैदानात खरंच करून बघायचं. पहाटेच्या गारव्यात पेट्रोल भरलं की जास्त येतं का? एसीपेक्षा खिडक्या उघड्या ठेवलेल्या परवडतात का? चपला काढून चालवलं तर पाय नीट बसतो का? झोप आल्यावर तोंडावर पाणी मारून माणूस किती लांब जातो, हे बघायला त्या काटकुळ्याला बिचाऱ्याला तीस तास जागं ठेवलं होतं. तो असा काही गेला की मैदानातले सगळे प्लास्टिकचे खांब आडवे, आणि आमच्या आक्का हसता हसता खोकायला लागल्या.

निकाल लागायच्या आधी आमच्याकडे मतदान होतं. हात वर केला म्हणजे खरं, मांडीवर ठेवला म्हणजे खोटं. हरेल त्यानं दुपारची भांडी घासायची. आक्का दर वेळी आमचे वारलेले मामंजी काय म्हणायचे ते आठवून हात वर करतात आणि दर वेळी हरतात. "त्यो मानूस जित्तेपनी बी मला भांडी घासाय लावत हुता, आता बी तेच," म्हणतात. हे दोन्ही बाजूंनी अर्धा हात वर करून बसतात, सरकारी नोकरी दुसरं काय शिकवणार! मी मात्र क्वचित हरते. वडापची जीप चालवणाऱ्याची पोरगी मी. आठवड्यातला तो एक तास मी खरंच सुखात असते, आबा. यंदापर्यंत अकरा वर्षं मी स्टेअरिंगला हात लावलेला नव्हता, पण गिअरचा आवाज ऐकला की तिसरा पडला की चौथा, ते मला न बघता कळतं. हे कुणी शिकवलं ते तुम्हाला सांगायला नको.

तेराव्या वर्षी पाठीमागे उशी लावून तुम्ही मला जीपवर बसवलंत. आपल्या गावात तेव्हा एकही पोरगी सायकलीच्या पुढे गेली नव्हती. चंदगडच्या स्टँडवर तुम्ही सगळ्या वडापवाल्यांत छाती काढून सांगायचात, "माजी क्रांती गिअर टाकती त्यो माशीला बी ऐकू येत न्हाय." त्या एका वाक्यावर मी किती दिवस तरंगत होते म्हणून सांगू! आईनं दागिना दिला असता तरी एवढं वाटलं नसतं.

आता जूनच्या आठ तारखेचं सांगते. त्या रविवारचा प्रश्न होता: उतारावर इंजिन बंद करून गाडी नुसती सोडली तर इंधन वाचतं का?

मोना ओरडली, "मम्मी, हे तर आजोबांचं!" कारण मी तिला सांगितलं होतं. खिंडीच्या माथ्यावर आलं की आपल्याकडचे सगळे वडापवाले न्यूट्रल करून किल्ली फिरवतात, आणि खालच्या शाळेपर्यंत कोण जास्त लांब गडगडत जातो याची पैज लागते. पंधरा माणसं कोंबलेली जीप आवाज न करता खाली येते आणि आतले लोकही श्वास धरून बसतात. तुमचा पहिला नंबर कुणी मोडला नाही. "उतार म्हंजी देवाचं डिझेल," हे तुमचं वाक्य मोनाला पाठ आहे. तेव्हा मी अर्थातच हात वर केला. कोपरापासून ताठ.

काटकुळ्यानं मोजून दाखवलं. जीप तुमच्या गाडीसारखीच जुनी, उतार चार किलोमीटरचा. वाचलेलं डिझेल त्यानं काचेच्या कपात ओतलं. चहाचा अर्धा कप भरला, आबा. नव्या गाड्यांत तर तेवढंही नाही म्हणे, गिअरमध्ये ठेवून पाय काढला की उतारावर इंजिन डिझेल मागतच नाही.

एवढ्यावर संपलं असतं तर मी हसले असते. पण जाडा म्हणाला, आता ब्रेक बघू. मैदानात त्यानं जीप पळवली, इंजिन बंद केलं आणि ब्रेक दाबला. पहिल्यांदा नीट लागला. सोडला, पुन्हा दाबला, जरा कमी. तिसऱ्यांदा पेडल खाली जाईना. तो एवढा शंभर किलोचा गडी, सीटवरून अर्धा उठला, दोन्ही पाय त्यावर रोवले, मानेच्या शिरा फुगल्या, आणि जीप आपली चाललीच होती. मग त्यांनी चित्र काढून समजावलं. पायाच्या ताकदीनं ब्रेक लागत नाही, चालू इंजिन त्याला जोर पुरवतं. इंजिन बंद झालं की दोन-तीन वेळा दाबण्यापुरता जोर शिल्लक राहतो, नंतर पेडल म्हणजे दगड. पडद्यावर लाल शिक्का उमटला: खोटं, आणि जिवावरचं.

"मम्मी हरली! भांडी मम्मीला!" मोना टाळ्या वाजवत होती.

मी भांडी घासली. नळ सोडला, कढई घेतली, आणि माझा उजवा पाय लटलट कापायला लागला. नुसता उजवा. ओट्याला धरून उभी राहिले. ह्यांनी विचारलं काय झालं, तर मी गाडीची किल्ली मागितली. आमची जुनी गाडी दोन वर्षं दारात आहे, मी कधी पुढच्या उजव्या दारानं आत गेले नव्हते. हात पुसून गेले आणि बसले. इंजिन बंदच होतं. ब्रेक दाबला. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा पाय तिथेच अडला. मग डाव्या पायानं क्लच दाबून बघितला. तो मऊच्या मऊ, तळापर्यंत गेला. क्लचला इंजिन चालू काय नि बंद काय, काही फरक पडत नाही. तो कधीच दगड होत नाही, आबा.

आता तुम्हाला कळलं असेल मी कुठे आले ते.

अकरा वर्षांपूर्वीचा सतरा मे. व्यापाऱ्याकडे काजूची पोती घालून आपण परत येत होतो, जीप रिकामी. मी एकोणीस वर्षांची, हातात शिकाऊ लायसन. तुम्ही माझ्या शेजारी, सम्राट मागच्या बाकावर डावीकडे, पाय बाहेर सोडून. पंधरा वर्षांचा होता. पहाटे चारला उठून पळायचा, मिलिटरीच्या भरतीचं वेड होतं. खिंडीच्या माथ्यावर तुम्ही म्हणालात, "क्रांते, मार न्यूट्रल." मी मारला. किल्ली मी नाही फिरवली. तुम्ही हात लांब करून फिरवलीत आणि हसून म्हणालात, "बघू आज शाळा गाठतीस का."

पहिल्या वळणाला ब्रेक लागला. दुसऱ्याला लागला. तिसऱ्याला जरा कमी लागला, मी तुमच्याकडे बघितलं, तुम्ही बाहेर बघत होता. चौथ्या वळणावर म्हशी. मी ब्रेक दाबला आणि पायाखाली दगड होता. मी उभी राहिले त्याच्यावर. म्हशी चुकवल्या आणि ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्याला डावी बाजू घासत गेली. सम्राटचा पाय तिथे होता.

गडहिंग्लजच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही बोललात. "पोरगी घाबरली. ब्रेक सोडून क्लचच दाबत बसली." काकांना तेच, सरपंचांना तेच, स्टँडवर तेच. मी एकदाच म्हटलं होतं, आबा, पेडल घट्ट झालं होतं. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "भ्यालं की माणसाला कायबी वाटतं बाळ. तुजा दोष न्हाय. बाईमाणसाचा जीवच तेवढा."

किती मायेनं म्हणालात! तुम्ही मारलं असतं तर मी कधीतरी उलट बोलले असते. त्या मायेनं माझी जीभच गेली. माझ्या पायाला जे कळलं होतं ते मी खोटं मानलं आणि तुमचं खरं मानलं.

सम्राटच्या गुडघ्यात सळई बसली ती बसलीच. भरती संपली. वर्षाच्या आत माझं लग्न उरकलंत. पहिल्या भाऊबीजेला मी ताट घेऊन उभी राहिले, तर तो म्हणाला, "माज्या पायाकडं बघून ओवाळणार, का तोंडाकडं?" आणि काठी घेऊन उठून गेला. त्यानंतर अकरा दिवाळ्या त्याला नेमकं त्याच दिवशी काम निघतं. यंदाही निघालं. आणि गावानं त्या मोरीला नाव काय दिलंय, ते तुम्ही रोज ऐकता. मीही ऐकलंय. गेल्या वर्षी एसटीनं येत होते, एक म्हातारी कंडक्टरला म्हणाली, "पावणं, क्रांतीच्या मोरीला थांबवा हां." शेजारी मोना बसली होती. "मम्मी, तुझ्या नावाची मोरी आहे?" मी म्हटलं, दुसऱ्या कुणा क्रांतीची असेल.

त्या रविवारी संध्याकाळी मी आईला फोन केला. तुम्ही देवळात गेला होता. मी सगळं सांगितलं, जाडा, काटकुळा, पेडल, सगळं. मला वाटलं ती रडेल, नाहीतर मला वेड्यात काढेल. ती म्हणाली, "आता उकरून काय करतीस? मला त्याच आठवड्यात सांगितलं हुतं त्यांनी. ढसाढसा रडलं हुतं. पर तू लगीन हून जाणारच हुतीस की. त्यास्नी मातुर ह्याच घरात, त्या पोराम्होरं जलमभर ऱ्हायाचं हुतं."

फोन ठेवल्यावर मी ते वाक्य कितीतरी वेळा मनात म्हणून बघितलं. त्यात काही चूक सापडत नाही, हेच वाईट आहे. घरात एक अपराध आला, तो कुठेतरी ठेवायला हवा होता. मुलगी जाणारच होती, तिच्याबरोबर देऊन टाकला. भांडीकुंडी, गादी-उशी, कपाट आणि हा.

तीस वर्षं तुम्ही गाडी चालवलीत. बंद इंजिनाचा ब्रेक कसा होतो हे तुम्हाला टीव्हीवरून कळायला नको होतं. त्या वेळी लगेच कळलं नसेल असंही मी म्हणून बघितलं, तुमची बाजू घ्यायची खोड जात नाही. पण आईला तुम्ही त्याच आठवड्यात सांगितलंत. मला नाही सांगितलंत. मी बाळंतपणात झोपेत पाय झाडायचे, ब्रेक शोधायचे, आणि आक्का माझे तळवे चोळत बसायच्या. तेव्हाही नाही. रडायला तुम्हाला आई होती. मी कुणाजवळ काय म्हणून रडणार होते? माझी चूक म्हणून?

मला तुमचा राग येतो. लिहायला लागले तेव्हा वाटलं होतं दुःख आहे, पण नाही, राग आहे. आणि त्याहून राग याचा येतो की अजूनही कुणी गाडीचा गिअर अलगद टाकला की तो तुम्हाला दाखवावा असं वाटतं.

जून ते नोव्हेंबर मी गप्प बसले. त्यात ड्रायव्हिंग क्लास लावला. शिकवणारे बाळासो म्हणून आहेत, दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "ताई, तुमास्नी येतंय की सगळं. क्लासला कशापाय आला?" मी म्हटलं, लायसनसाठी. ऑक्टोबरात पक्कं लायसन मिळालं. घरात पेढे वाटले. तुम्हाला कळवलं नाही.

मी हे सगळं सम्राटला स्वतः सांगू शकते. करून बघितलं मनातल्या मनात. तो म्हणेल, टीव्ही बघून ताईला अकरा वर्षांनी अक्कल आली, आता बापावर ढकलतेय. आणि त्याचं बरोबर असेल. माझ्याजवळ पुरावा म्हणून माझा एक पाय आहे, त्यावर कोण विश्वास ठेवणार? सांगायचं तर तुम्हालाच सांगावं लागेल, तुमच्या तोंडानं. क्रांतीनं ब्रेकच दाबला होता. किल्ली मी फिरवली होती. एवढी दोन वाक्यं. त्याला तुमचा राग येईल. येऊ दे. अकरा वर्षं तो राग मी सांभाळला, आता तुम्ही सांभाळा. वय झालंय हे मला सांगू नका, माझं तेव्हा एकोणीस होतं.

करवलीचं नाव आता बदलू नका. पत्रिका छापून झाल्या, संयोगितानं साडी घेतली असेल, तिचा काय दोष. मला तांब्या धरायची हौस नाही.

लग्न सात डिसेंबरला आहे. सहाला दुपारी आम्ही येतो. गाडी मी चालवणार. खिंडीतून खाली येताना दुसरा गिअर असेल आणि इंजिन चालू असेल. लागेल तेवढं डिझेल लागू दे. दारात गाडी उभी करून मोना आणि हे आत येतील, मी आतच बसून राहीन. तुम्ही सम्राटला सांगितलं असेल तर तो बाहेर येईल. शिव्या द्यायला आला तरी चालेल, मी उतरेन. आला नाही तर मी समजून घेईन. मोनाला अक्षता टाकू दे, तिला मामा हवाय. मी गाडी वळवून कोल्हापूरला परत येईन, आणि यानंतर तुम्हाला माझं पत्र येणार नाही, फोन येणार नाही, आजारी पडलात तर निरोपावरही मी येणार नाही. हे धमकी म्हणून लिहीत नाही. मी बघितलंय स्वतःत, तेवढंच उरलंय.

आईला नमस्कार सांगू नका. तिचं आणि माझं वेगळं आहे.

गोळी वेळेवर घेत जा.

सतरा मेला ब्रेकच दाबणारी
तुमची मुलगी,
क्रांती